पुढचे दोन टायर

रिमोटच्या गाड्यांचं नाव काढलंत की मला सलीमच आठवतो. दोन हजार चार-पाचची गोष्ट. एकलहऱ्याच्या एका मोकळ्या मैदानात मातीचा ट्रॅक करून आम्ही शर्यतीत आमची छोटी रिमोटची बग्गी पळवायचो. गाडी दोघांची, पण रिमोट सलीमच्या हातात आणि चाकं माझ्याकडे.

फायनलच्या सकाळी धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. मी म्हटलं, "पुढे काटेरी टायर लावू या. नवेकोरे आलेत, दुबईहून."

सलीमनं टाचेनं माती दाबून बघितली. "यार, दुपारपर्यंत ही कडक होईल. पुढे जास्त पकड मिळाली तर गाडी वळणावर उलटेल. जुने रेघांचेच राहू दे."

"बरं," मी म्हणालो.

तो चहाला गेला आणि मला काही राहवेना. टायर रिमला ग्लूनं चिकटवलेले असतात, त्यामुळे जुने चक्क कापून काढले. नवे चिकटवले आणि दुपारी गाडी मीच नेऊन ट्रॅकवर ठेवली.

पहिल्याच वळणावर तिनं तीन कोलांट्या खाल्ल्या.

सलीम धावत गेला. गाडी उचलली, चाकांवरची माती रुमालानं पुसली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझाच हात चुकला."

आणि मी काय म्हणावं? "असू दे रे, होतं."

त्यानंतर त्यानं रिमोट हातात धरला नाही. टायर त्याला दिसलेच नसतील, असं मी अजून स्वतःला सांगतो. पण त्यानं पुसली होती ती फक्त पुढची दोन चाकं.