पुलापलीकडे

मांद्र्याच्या थांब्यावर म्हापशाच्या बसची वाट बघत होतो. माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची लेक उभी होती. त्याच्या दोन्ही पायांना फडकी बांधलेली होती.

"पाय दुखतत, बाबा?"

"नाय गो. काल हळद लावलंस ना."

"कारापूरसून हयसर दोन दिस चलत इलात, ह्या वयात! बस होती मां."

"बशीन दोनदा निघालंय. दोन्ही वेळा म्हापशाक उतरलंय आणि घराक परत गेलंय."

"कित्याक?"

"तुझ्या लग्नाक इलंय नाय. चार वर्षा तुझो फोन घेतलंय नाय. मगे तुझ्या दारात खयच्या तोंडान उभो रवतलंय?"

"आणि चलताना परत फिराचा वाटला नाय?"

"वाटला ना. शिवोलीच्या पुलावर कितीतरी वेळ बसान रवलंय. पण तवसर मागची वाट पुढच्यापेक्षा लांब झाल्ली, गौरवी."

"मी दार उघडलंय, तर तुम्ही पाणी मागितलात. कोण परको वाटसरू असल्यासारख्या."

"दुसरा काय बोलाचा ता सुचूकच नाय."

"आई काय म्हणता?"

"रोज सकाळी तुझो फोटो पुसता, माझ्या देखत."

बस आली. लेकीनं त्याला दंडाला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं आणि स्वतः उभी राहिली. कंडक्टर आला.

"एक म्हापसा," म्हातारा म्हणाला.

"दोन," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. "तुम्ही किती चललात ता आईक मी सांगतलंय."