हिरव्या ठिगळाचा खाकी शर्ट

मी, वैष्णवी खंडेराव मौले, वय २२ वर्षे, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक. अक्काबाई यांनी माझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात बोलावल्याने स्वतः हजर राहून खरे ते सांगते की,

वरील पत्त्यावर मी आईसह राहते. वडील दिवाळीनंतर हृदयविकाराने वारले. दहाव्याला आईने त्यांचे कपडे गोदाघाटावर देऊन टाकले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, अशी आमच्याकडे रीत आहे.

आता झेंडू घेऊन फुलबाजारात मीच जाते. मागच्या महिन्यात तिथे क्रेट उतरवणाऱ्या एका माणसाच्या अंगात वडिलांचा खाकी शर्ट दिसला. कोपराला आईच्या ब्लाउजपिसाचे हिरवे ठिगळ होते, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही. तो माणूस म्हणजे अक्काबाईंचे पती बुधा. आमची ओळख नव्हती.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे मागे फिरत होते, हे खरे आहे. हेतू वाईट नव्हता, नुसती उत्सुकता. वडील बाह्या कधी दुमडत नसत, हे दुमडतात. वडील वरच्या खिशात तंबाखूची पुडी ठेवत, हे काय ठेवतात ते कळेना. म्हणून चहाच्या टपरीवर अगदी खेटून उभी राहिले. बडीशेप निघाली. मला हसू आले, आणि घरी जाईपर्यंत रडूही आले.

काल बुधा दुसराच शर्ट घालून आले. खाकी शर्ट फाटला की टाकून दिला, हे विचारायला मी त्यांच्या पाठोपाठ घरापर्यंत गेले. दार अक्काबाईंनी उघडले. मी नाव नाही, गाव नाही, एकदम "काकांचा तो खाकी शर्ट कुठंय?" असे विचारले. हे माझे चुकले. त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या शर्टाशी तुझं काय काम हाय गं, भवाने?" पुढचे शब्द इथे लिहू नयेत, ही विनंती. शर्ट मागे दोरीवर वाळत होता.

आज तोच शर्ट घालून आलेले बुधा हे सारे ऐकल्यावर ठाण्यातच गुंड्या सोडू लागले. म्हणाले, "घे पोरी. मला काय म्हाईत? घाटावर वाटत होते, म्हणून घेतला." मी म्हणाले, "काका, काढू नका. आमच्याकडं तो घालायला कोणी नाही. खुंटीवर बघवणार नाही मला." अक्काबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लय बोलले गं मी तुला. आता चोरून बघू नको, घरी येत जा."

त्यांची आता तक्रार नाही. माझीही नाही. बुधाकाकांचा शर्ट त्यांच्याकडेच राहावा.

सगळा मजकूर मला वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत हवालदारांनी 'वडिलांचा शर्ट' लिहिले होते. ते खोडून 'बुधाकाकांचा' असे मी करून घेतले. बाकी बरोबर आहे.