कळण्यातल्या बिया

(अमळनेरजवळचं एक गाव. सून नूतन आणि सासू ताईबाई स्वयंपाकघरात. मध्ये कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा उघडा डबा.)

नूतन: म्हणजे कळण्याचं पीठ मी बिघडवलं नव्हतं! आठ दिवस झाले आई, हे ताटावर बसले की भाकरी कडू म्हणून तोंड वाकडं करतात. उडीद जुने, ज्वारी किडकी, सगळं खापर माझ्यावर. आणि तुम्ही गप्प बसून बघत होतात?

ताईबाई: वरडू नको वं. इतली कडू नही लागत.

नूतन: नाही लागत? गिरणीवाले तोतारामभाऊ मला विचारतात, वहिनी, दळणात ते लाल लाल काय टाकलं होतं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माळा धुंडाळला तेव्हा हे खोकं सापडलं.

ताईबाई: त्या आवाकाडोन्या बिया शेतस. ललितनी धाडेल.

नूतन: वाचलं मी खोक्यावरचं नाव. ललितभाऊजी पुण्याच्या हॉटेलात फळ गिऱ्हाइकाला घालतात, आणि बी तुम्हाला!

ताईबाई: बीमाच बठ्ठा गुन शे. शुगर उतरस, चरबी झडस. मोबाईलमा दखं त्यानी. मंग मी किसी, वायाडी आन् कयनासंगे दयी आनी.

नूतन: सगळा गुण म्हणे बीतच, म्हणून किसून, वाळवून कळण्यात दळली! आत्ता डॉक्टर मॅडमना फोन करून विचारलं. म्हणाल्या, बीवर प्रयोग झालेत, पण ते प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. माणसानं किती खावी, रोज खाल्ली तर काय होईल, कुणाला धड माहीत नाही. आणि तुम्ही अख्ख्या घराला खाऊ घातली!

ताईबाई: कोनी मरनं का?

नूतन: गोळ्यांचं काय?

ताईबाई: कोन्या गोया?

नूतन: शुगरच्या. रोज सकाळी मी तुमच्या हातावर ठेवते त्या. खोक्याखाली फडक्यात बांधलेल्या आठ सापडल्या.

ताईबाई: दोन्ही संगे नको, आसं मालेच वाटनं.

नूतन: परवा उपाशीपोटी दोनशे नव्वद आली शुगर! मी तुमचा भात बंद केला, चहा फिका केला. हे म्हणाले, तूच लपून गोड देत असशील. तीन वर्षं मी करतेय ना तुमचं? पायाच्या अंगठ्याची ती जखम भरत नाही, रोज मी धुते. उद्या तो अंगठा कापायची वेळ आली तर भाऊजी येणारेत का धावत? थांबा, लावतेच त्यांना फोन.

ताईबाई: नको वं माय. हात जोडस तुले.

नूतन: का नको? कळू दे की त्यांनाही!

ताईबाई: दिवायीना दिवायी फोन ये त्याना. आते रोज करस. सांजले सात वाजता. आई, बी खादी का, आसं इचारस. मी हा म्हनस. मंग जेवनी का, पाय दुखस का, बठ्ठं इचारस.

नूतन: दिवाळीच्या दिवाळीला येणारा फोन रोज येतो म्हणून गोळ्या सोडायच्या, आई?

ताईबाई: गोया खाऊ तं काय इचारी तो?

नूतन: हे पाणी घ्या. गोळी माझ्यासमोर गिळा. सात वाजता फोन आला की बी खाल्ली म्हणून सांगा. मी शब्द काढणार नाही.

ताईबाई: आन् बिया?

नूतन: उकिरड्यावर.

ताईबाई: एक ऱ्हाऊ दे वं. त्याले खोटं सांगानं पडी, तवा हातमा धरी बससू.