दोन रेघांची दंडपट्टी

सोलमधल्या एका इस्पितळाच्या अंत्यविधी कार्यालयात माझ्या टेबलापुढे एक बाई उभ्या होत्या. वडील सकाळीच गेलेले.

"दोन रेघांची दंडपट्टी मला द्या. बाबांच्या फोटोपाशी मीच उभी राहणार."

"ताई, ती मुख्य शोककर्त्याची, म्हणजे मुलाची असते. भाऊ कुठेत?"

"भाऊ नाही."

"मग जावई?"

"सहा वर्षांपूर्वीच काडीमोड झाला."

"तरी बोलवा की. तीन दिवस नुसतं उभं तर राहायचंय."

"त्यानं बाबांना कधी घोटभर पाणी पाजलं नाही."

"चुलतभाऊ तरी?"

"बुसानला आहे. बाबांचं नावसुद्धा आठवणार नाही त्याला."

"नाव आम्ही लिहून देऊ. शिवाय पट्टी पुरुषांच्याच मापाची येते. तुम्हाला ढगळ होईल."

"नऊ वर्षं बाबांना उचलून न्हाऊ घातलंय, साहेब. हा दंड बघा."

"बघितला, ताई. बुसानचा नंबर सांगा."