नदीकाठची हवाशीर जागा

अंबामातेची आन घेऊन सांगतो मास्तर, नाझराचं घर वाहून गेलं ते मी ह्या डोळ्यानं पाह्यलं — म्हंजे मी तवा धामणगावच्या बाजारात होतो, पण पाह्यल्यावानीच समजा — तुमी बसा ना जी, ह्या वाळूवर बसा, धोतर झटकलं का साफ होते. टरबूज कापतो. नाई नाई, पैसे कायचे, वाडी आपलीच हाय. अमरावतीहून बैलाच्या दमणीत हाडं खिळखिळी करत आले तुमी, पेपरातली जाहिरात हातात धरून, अन् हा जानराव माळी तुमाले कोरडं जाऊ देईन?

काय लिवलं म्हणता? "कौंडण्यपुरी वर्धा नदीकाठी हवाशीर जागा, बंगल्यास योग्य, समोर वाळूचा विस्तीर्ण किनारा." किनारा हाय ना. तुमच्या बुडाखालीच हाय. पण तो दिवाळीपासून मिरगापर्यंत किनारा, मंग आषाढात इथं दोन बांबू पानी — दोन काहून, तीन. पेन्शनीत मानसाले वाटते, काठावर खुर्ची टाकावं, नदी पाहावं. खुशालराव नाझरालेही तेच वाटलं. कोर्टातला मानूस, सागवानी घर बांधलं, तुमी पाहाले आले त्या जागेच्या अगदी शेजारी. श्रावणात नदी आली अन् घर उचललं — नाझर आत, बायको कौशल्याबाई आत, चूल पेटलेली, तव्यावर भाकर. काठावरचे लोक इचारतात, नाझरसाहेब, कुठं निघाले? तर खिडकीतून सांगतात, बदली झाली. घर लागलं ते पल्याड. पल्याड म्हंजे नागपूर इलाखा, वऱ्हाड नाई. तिथचा पाटील म्हणे, आमच्या शिवारात आलं, आमचं झालं. इथचा पटवारी म्हणे, घर गेलं असन, जागा जागेवरच हाय, सारा भरा. दोघायच्या मधात नाझर तीन वर्सं लटकले. अन् भाकर करपली नाई, हे कौशल्याबाईनं सोता सांगितलं. हसता काहून? बरं, भाकरीचं सोडून द्या.

मले काय फायदा म्हणता? काहीच नाई. जागा मनकर्णाबाईची, जाहिरात देनारा तिचा अकोल्याचा भाऊ. नवरा वारून नऊ वर्सं झाले, भाऊ म्हणते जागा मोडून टाक अन् माझ्याकडं येऊन राह्य. आज तुमी पसंत केली का उद्या तिचा अंगठा, अन् परवा ती गाडीत. मले काय. ही शेजारची वाडी तिची — ते वेल पाहा, कसे वळणाले लावले, एक टरबूज उघडं नाई, साऱ्यायवर पानाची सावली. डागू नये म्हणून रोज एकेक पान सारखं करते. अशी बाई तिकडं भावजयीच्या हाताखाली भांडे घासन.

शेजार आपसूक आला असं नाई म्हणता येत. नदी दर साली वाळू बदलते, म्हणून दिवाळी झाली का आमी नव्यानं दोरी टाकून तुकडे पाडतो अन् चिठ्ठ्या काढतो. ज्याले पान्याजवळचा तुकडा, त्याची चैन — चार पावलं का घागर भरली. आठ सालात मले तीनदा पान्याजवळचा आला, अन् तिन्ही डाव मी तो देऊन ही वरची कोरडी वाळू बदलून घेतली, तिच्या बाजूची. गाव म्हणते जानरावचं डोकं फिरलं. पानी वाहून वाहून खांदा उतरला माझा, पण सकाळी ती घागर खाली ठेवते, म्हणते, "बोला जानराव, आज काय बनवून आणलं?" अन् मी सांगतो. नाझराचं घर पह्यले तिलेच सांगितलं. बदली झाली म्हणलो अन् ती अशी हासली का मटकन खाली बसली, दोन वेल मोडले — तिनं, जी पानाले धक्का लागू देत नाई.

आता लपवून काय करू. आमच्या माळ्यांत विधवेचा पाट लागते, तुमच्यात नाई लागत, ते मालूम हाय मले. माझी बायको जाऊन बारा वर्सं झाले. पन्नाशी आली, पण दात सारे आपलेच. तर तिले इचारलं. परवाच, इथंच. हो म्हणली. एकदा नाई, दोनदा म्हणली. म्हणून सांगून राहिलो, जागा विकल्या जात नाई, तुमाले फुकटचा चक्कर पडला. पोथीत लिवलं हाय, ह्या गावची एक पोरगी देवानं रथात घालून नेली अन् गाव पाहात राह्यलं — आता दुसरी काय जाहिरातीनं जाईन?

असं काय पाह्यता जी? वर्गातल्या पोराकडं पाहावं तसं.

बरं. आषाढातलं पानी खरं. घर वाह्यलं तेही खरं, नाझर आधीच उतरले होते एवढंच. ती हासली ते सोळा आणे खरं. हो म्हणली, ते तेवढं बनवलेलं. म्हणंन कशी, मी इचारलंच नाई. आठ साल तिच्यासमोर घरं वाहवून राहिलो, गाढवं उडवून राहिलो, अन् हे एवढंसं तोंडातून निघालं नाई.

उठा मास्तर. ते पाहा, घागर घेऊन इकडंच येऊन राह्यली. जागा पाहाची असन तर उद्या पाहा, मी सोता दाखवतो, पान्याचं नाव काढणार नाई. आजचा दिवस मले द्या. छत्री घ्या तुमची. अन् तिकडून नका जाऊ, काठाकाठानं जा.