फेर्मीनच्या हातची गाडी

नाही, नाही — आधी हात पुसा. आत्ताच धुतलेत ते पाहिलं मी, म्हणूनच म्हणतेय, ओला हात टाकीला लावू नका. आणि खरं सांगू का, गाडी बघायला आलेला माणूस आधी हात धुतो हेच मला चमत्कारिक वाटलं. हात नंतर धुवायचे असतात. माझा नवरा फेर्मीन असता तर म्हणाला असता, ओदालिस, हा गाडी बघायला आलाय की बाळंतपण करायला? हसा, हसा, पण मी गमतीत नाही बोलत. बसा त्या स्टुलावर. कॉफी घ्या, गोड आहे, माझ्या घरात साखर विचारून घालत नाहीत. तर तुमचं नाव एवेलियो, तुम्ही हवानाहून आलात, आणि गाडी भावासाठी हवीय — भावासाठीच ना? कारण परवा फोनवर तुम्ही मेव्हण्यासाठी म्हणाला होतात. मेव्हणा भावासारखाच? बरं. असतो एखादा. माझा नव्हता.

आणि आल्याआल्या तुम्ही काय केलंत? किक मारून बघू का असं विचारलंत? नाही. खाली वाकलात आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून पाहिलात. जुळला ना? जुळणारच. सत्तेचाळीस सालची हार्ली मोटारसायकल, कागद पहिल्यापासूनचा, एक अक्षर खोडलेलं नाही. पण सगळ्यात आधी नंबर बघणारे दोनच जातीचे असतात हो — एक पोलीस, आणि दुसरे नुसता कागद घ्यायला आलेले. ते कागद घेतात, नंबरवाला तुकडा तिसऱ्याच कुठल्या डबड्यावर चढवतात, आणि उरलेली गाडी कोंबडी सोलावी तशी सोलून एकेक तुकडा विकतात. तुम्ही त्यातले नाही? मग उजव्या पायाची पँट जरा वर करा. लाजू नका, बासष्ट वर्षांची बाई आहे मी. पोटरी दाखवा. — बघा. काही नाही. सायलेन्सर उजवीकडे असतो, दादा. हार्ली चालवणाऱ्याच्या उजव्या पोटरीला भाजल्याचा डाग नाही असं मी या गावात एकदाही पाहिलं नाही. माझ्यासुद्धा आहे. माझ्या कसा म्हणजे? मागं बसायची मी. मागं बसणारीलाही चटका बसतोच. बसतो. तुम्ही कॉफी प्या.

तुम्ही पाचवे. पहिला आला तो बोटातली अंगठी टाकीवर वाजवत बसला, देवळात घंटा वाजवावी तसा. दुसऱ्यानं खिशातून चुंबक काढलं — कुठं पत्रा आहे आणि कुठं खड्डा भरायची पुट्टी ते बघायला. मी म्हटलं, बाबा, चुंबक कशाला, मी सांगते की, डावीकडे चार बोटं पुट्टी आहे, ब्याण्णव साली बैलगाडी आडवी आली होती. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की ही खरं सांगतेय म्हणजे नक्की काहीतरी मोठं लपवत असणार. तिसरा नुसताच रडला, फेर्मीनचा मित्र होता. चौथ्यानं विचारलं, यातलं कारखान्यातून आलेलं किती शिल्लक आहे? आता हा प्रश्न क्यूबात विचारतात का? बाहेरच्या जगात म्हणे विचारतात, गाडी जितकी कोरी तितकी किंमत. इथं साठ सालापासून, अमेरिकेनं माल बंद केल्यापासून, एक स्क्रू आला नाही कारखान्यातून. पिस्टन रशियन ट्रकचे, घासून बारीक केलेले. साखळी सोड्याच्या बाटल्यांच्या कारखान्यातली, पट्टा ओढायची असते ना, ती. कार्बोरेटरमधला तरंगणारा गोळा लाकडी आहे, देवदाराचा, वर लाखेचा थर. मी त्याला म्हटलं, कोरी गाडी हवी तर कॅलेंडरातली घे.

तुम्ही मात्र तो प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही भिंग काढलंत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला यातलं समजतं. आणि समजणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते, हेही सांगून ठेवते.

कारण इथं गाडीची किंमत कशावर ठरते हे तुम्हाला ठाऊक आहे. भाग कोणाच्या हातचा, यावर. ज्यानं बनवला त्यानं त्यावर आपला शिक्का पंचनं ठोकायचा, ही आपली रीत. सिएनफ्युएगोसच्या म्हाताऱ्याचा मासा, कामाग्वेच्या त्या दोघा भावांचा त्रिकोण, आणि आमचा एफ. ए., म्हणजे फेर्मीन आबास्काल. त्या दोन अक्षरांसाठी माणसं सान्तियागोहून एक झिजलेला बुश, दांडा फिरतो ती धातूची कडी, नवा करून घ्यायला पाठवायची, रुमालात बांधून, बसच्या ड्रायव्हरबरोबर. आणि ही गाडी तर त्याची स्वतःची. किती मोजलेत शिक्के? तेवीस? मडगार्डच्या आतला धरलात का? मग तेवीस बरोबर. अख्ख्या बेटावर तेवीस एफ. ए. असलेली दुसरी गाडी नाही. म्हणूनच मी जो आकडा फोनवर सांगितला तो तुम्ही मुकाट्यानं कबूल केलात. घासाघीस नाही, काही नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, सांगते. घासाघीस न करणारा माणूस म्हणजे काय? एक तर त्याला किंमत माहीत नाही, नाहीतर ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

विकते कशाला? हा बघा, आला शेवटी प्रश्न. सगळे विचारतात, तोंड असं मऊ करून. औषधपाण्याला नाही, मयामीला जायलाही नाही. नदीपलीकडचा साखर कारखाना मोडतायत, ठाऊक असेल. तिथल्या वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे, लोखंड कातायचं यंत्र — छोटा, दीड हात लांबीचा, जर्मन, एकोणचाळीस सालचा, आणि त्याचं चाक अजून असं फिरतं की वर पेला ठेवला तर पाणी हलत नाही. बासिलिओ म्हणून तिथला जुना फोरमन आहे, त्यानं शुक्रवारपर्यंत माझ्यासाठी अडवून धरलाय. शुक्रवारी संध्याकाळी ट्रक येणार, मग तो भंगारात. आज बुधवार. आमचा पहिला लेथ फेर्मीन आजारी पडला तेव्हा विकावा लागला, आणि लेथ नसलेला माणूस म्हणजे — ते जाऊ दे. मला कशाला? मला नाही हो, भाच्याला. भाचा आहे एक. हुशार आहे. काय नाव म्हणजे? भाच्याच्या नावाचं तुम्हाला काय करायचंय? तुम्ही गाडी बघा.

काय झालं? भिंग तिथंच का थांबलं? — किकचा दांडा आहे तो. हो, त्यावरही आहे एफ. ए. वाकडा? दिसतोय मला, एफ पडलाय आणि ए त्याच्या डोक्यावर बसलाय. असेल. आणखी कुठं? क्लचच्या तरफेवर. पायदानाच्या कोनावर. आणि हा स्टॅंडच्या खिळीवर, बरोबर, चार. आता ते नखानं कशाला खरवडताय? सरळ बोला ना, तोंडात धरून ठेवू नका. — काय? खोटे?

परत म्हणा.

हे चार खोटे आहेत म्हणता तुम्ही. एकोणीस सरळ, रेघेत, एकसारख्या खोलीचे, ते फेर्मीनचे. आणि हे चार कोणा भामट्यानं एफ. ए. ठोकून फेर्मीनच्या गळ्यात मारले, आणि फेर्मीननं ते जाणूनबुजून गाडीत ठेवले, गाडीचा भाव फुगवायला. असंच ना? एकेका खोट्या शिक्क्यामागे किंमत उतरवायला हवी, असंच ना? तुम्ही त्याच्या गाडीशेजारी बसून, त्याच्या स्टुलावर बसून त्याला लबाड म्हणताय. अहो, त्या माणसानं आयुष्यात कोणाला फसवलं नाही! ज्याचा पिस्टन बिघडवला त्याला घरी जाऊन सांगून यायचा, मी बिघडवला म्हणून. हा किकचा दांडा त्यानं चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये केला, नऊ दिवस लागले, अंगठा फोडून घेतला, मी इथंच बसून शिवत होते. हे चारच तर त्याचे आहेत! त्याच्या हाताला घाई होती हो, सरळ शिक्का मारणं त्याच्या बापजन्मी जमलं नाही, सरळ आहेत ते सगळे तर —

कॉफी गार झाली तुमची.

नाही, काही म्हणत नव्हते. — तसे बघू नका माझ्या हातांकडे. शिवणकाम केलंय मी, कपड्यांच्या कारखान्यात, एकवीस वर्षं, शिवणाऱ्या बाईच्या बोटाला घट्टे असतात. अंगठ्याच्या पेराला नसतात? कानस धरणाऱ्याला असतात तिथं? बघा, खरंच कळतं हो तुम्हाला. कळतं म्हणूनच मघाशी भीती वाटली.

बरं. झालं. आता पडलंच तोंडातून, तर पुरतं ऐका, अर्धवट ऐकून जाल आणि बाहेर तिसरंच सांगाल. त्याचे कान देवाचे होते. गाडी कोपऱ्यावर वळायची आणि हा अंथरुणात सांगायचा, मागच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बसत नाहीये. तो ऐकायचा आणि मी करायची. शर्टाची कॉलर केसाएवढी चुकली तर उसवून परत शिवायची मी, तसाच बुश. पहिला माझा पंचाहत्तर सालचा — गिऱ्हाइकानं हातात घेऊन फिरवला, खूश झाला, आणि म्हणाला, फेर्मीन, तुझा हात सुधारला रे! फेर्मीननं तोंड उघडलं. मी टेबलाखालून लाथ घातली. बाईच्या हातचा म्हटलं असतं तर त्यानं तो तिथंच ठेवला असता, आणि घरात तांदूळ नव्हता. त्या संध्याकाळी पंच मीच घेतला, मीच ठोकला, एफ. ए. सरळ. एवढी एकच गोष्ट लपवली त्यानं जन्मात, आणि तीही माझ्या लाथेमुळे. मरायच्या आदल्या महिन्यात म्हणाला, रविवारी सगळे गाडीवाले जमतील तेव्हा सांगू या का? मी म्हटलं, गप पड, भाव पडेल.

आणि पडलाच. दिसतोय मला पडताना, तुमच्या तोंडावर. मघापासून ते पैशांचं पाकीट मांडीवर होतं, आता खिशात गेलं. या गाडीतले बुश तेच आहेत, दादा! अर्ध्या तासापूर्वी त्यातल्याच एकाला भिंग लावून तुम्ही म्हणालात की असं काम आता होत नाही. तो काय आता ढिला झाला? किक मारू का? ऐकता का? — नको? आवाजाचा प्रश्न नाही म्हणता? बरं, मग कशाचा प्रश्न?

अर्धी.

अर्धी किंमत, आणि तुम्ही कोणाला काही सांगणार नाही. म्हणजे हवानाला जाऊन ती फेर्मीनची म्हणूनच विकणार, पुऱ्या भावात. मेव्हण्याला? का भावाला? मी सकाळपासून विचार करतेय की हा पोलीस आहे की भंगारवाला, आणि तुम्ही नुसते दलाल निघालात. बरं वाटलं. खरंच. संशय वाईट असतो हो, पोटात राहतो.

थांबा, बोलू नका, हिशेब करतेय मी. अर्ध्यात लेथ येत नाही, बासिलिओ मित्र असला तरी कारखाना त्याच्या बापाचा नाही. शुक्रवारी तो ट्रकमध्ये चढणार आणि मी ते रस्त्यावरून बघणार. ठीक आहे. बघेन. भाव पडेल या भीतीनं पंचाहत्तर साली गप्प बसले, आता त्याच भीतीनं परत बसायचं म्हणजे — नाही. परवडत नाही म्हणून गप्प बसण्याला काहीतरी शेवट असतो ना?

उठा. स्टूल तिथंच राहू द्या. नाही, रिकाम्या हातानं कशाला जाता, एवढ्या लांबून आलात. फेर्मीनच्या हातचं हवंय ना तुम्हाला? देते की. किकचा दांडा, तरफ, कोन आणि स्टॅंडची खिळी. पंधरा मिनिटांत सोडवते, सतरा नंबरचा पाना तेवढा द्या तिकडचा. चारही घेऊन जा, फुकट. बाकीची गाडी माझी आहे.

पाना नको? मग दार बाहेरून ओढून घ्या.