एकशे ब्याण्णव कोश

(शाळेची घंटा व्हायची आहे. मुख्याध्यापिका म्मा तिरो यांच्या टेबलावर बदलीचा अर्ज. समोर सातवीला गणित शिकवणारे केबोनांग सर.)

म्मा तिरो : जानेवारीत तुम्ही नाचाचं पथक मागून घेतलंत, तेव्हाच मी मनात हिशेब मांडला होता, मास्तर. पोरं वेळेवर येणार, पथक जिल्ह्यात पहिलं येणार, मी अर्जावर चांगला शेरा लिहिणार आणि तुम्ही राजधानीत, गाबोरोनेला. घरात नळ, दाराशी डांबरी रस्ता, शनिवारी फुटबॉल.

केबोनांग : नळाचं खरं आहे, म्मा. फुटबॉलचं मी बोललो नव्हतो.

म्मा तिरो : तोंडावर दिसत होतं. पोरं आली वेळेवर, ते मान्य. गुरांमागून दहाला उगवणारी आता सातलाच फाटकाशी असतात. पण पहिला नंबर दोन गुणांनी गेला.

केबोनांग : परीक्षकांनी काय लिहिलंय?

म्मा तिरो : ‘पावलं उत्तम. पायांतल्या कोशांच्या माळा मात्र विरळ वाजल्या.’ खाली आणखी एक ओळ आहे. ‘मैदानाबाहेर उभे असलेले एक गृहस्थ सगळ्यांहून जोरात वाजत होते.’

केबोनांग : तो मीच. राहवलं नाही.

म्मा तिरो : ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. कंबर बरी आहे ना?

केबोनांग : बसताना दुखते.

म्मा तिरो : मग पोरांच्या माळांतले ते खडे भरलेले पतंगांचे कोश गेले कुठे? चांगल्या भरगच्च होत्या गेल्या वर्षी.

केबोनांग : त्यांच्या माळांना मी हातही लावत नाही. माझी तेवढी माझ्याकडे असते. पथकातल्या सेथुन्याने आणून दिली, मामाची जुनी म्हणून.

म्मा तिरो : ती दाराबाहेर कान देऊन उभीच आहे. ये गं आत. तुझ्या मामाला मी ओळखते. तो लग्नातसुद्धा पाय हलवत नाही. खरं सांग.

सेथुन्या : मामाची नाही, म्मा. आमचीच आहे. पहिल्या दिवशी सर छडी घेऊन मागे उभे राहिले. मग छडी भिंतीला टेकवली आणि शेवटच्या रांगेत नाचायला लागले. पाय सारखे चुकायचे. आम्ही हसायचो.

केबोनांग : हसत नव्हतात, लोळत होतात.

सेथुन्या : पण चुकले की सर पुन्हा पहिल्यापासून करायचे. आमच्यातला मोडिसे म्हणाला, पायात आवाजच नाही, तर चुकलेलं यांना कळणार कसं? यंदा पाऊस नाही, झाडांवर पतंगांचे कोश नाहीत. म्हणून आम्ही सोळाही जणांनी आपापल्या माळेतले बारा बारा काढले. आत नवे खडे भरले आणि सरांसाठी ओवले.

म्मा तिरो : स्पर्धेत आवाज कमी पडेल, हे कोणाला सुचलं नाही?

सेथुन्या : सुचलं होतं. स्पर्धेआधी परत मागायचे असं ठरलंही होतं. मग कोणी मागितलेच नाहीत.

म्मा तिरो : का?

सेथुन्या : सरांना जमायला लागलं होतं.

केबोनांग : सोळा गुणिले बारा. एकशे ब्याण्णव. आजच माळ उसवतो आणि ज्याचे त्याला देतो.

सेथुन्या : जाणार असाल तर द्या, सर. राहणार असाल तर असू द्या. ऑक्टोबरात परीक्षा आहे. निम्म्यांना अजून अपूर्णांक येत नाहीत.

म्मा तिरो : मास्तर, शेरा मी काल रात्रीच लिहिलाय, आणि चांगलाच लिहिलाय. दोन गुणांसाठी मी कोणाचा नळ अडवत नाही. फक्त तुमची सही राहिलीय. हे पेन.

केबोनांग : अर्जाची मागची बाजू कोरी आहे ना?

म्मा तिरो : कोरीच. पण तिथे काही खरडलंत की अर्ज बाद.

केबोनांग : झाडांवर कोश येतील तेव्हा कोणाचे किती फेडायचे, ते लिहून ठेवायला हवं. सांग गं, पहिलं नाव कोणाचं?

सेथुन्या : माझंच लिहा, सर. बारा.